स्टेन्टनंतर परत ड्युटी: हिंगणा एमआयडीसी, नाईट शिफ्ट अन् वरून मे महिना. कोणी गेलंय का?

हिंगण्याचा फिटर

नमस्कार मंडळी. वय ४७, राहणार नागपूर, मानेवाडा, हिंगणा एमआयडीसीत एका फोर्जिंगच्या कंपनीत मेंटेनन्सला आहे, सतरा वर्षं झाली. होळीच्या चार दिवस आधी सकाळी साडेपाचला छातीत दाबल्यासारखं झालं, मी गॅस समजून इनो घेतला, अर्ध्या तासाने अजून एक घेतला, मग डाव्या हातात मुंग्या अन् घामाने बनियन ओली, तेव्हा बायकोने शेजारच्या पोराला उठवून त्याच्या गाडीत टाकलं अन् धंतोलीत नेलं. तिथे ईसीजी काढल्याबरोबर सगळे पळायलाच लागले. डॉक्टर म्हणाले एलएडी, म्हणजे हृदयाची समोरची मोठी नस, ९५ टक्के बंद आहे. मी तशा हालतमध्ये पण मनात म्हटलं, आपल्या नागपूरच्या एलएडी चौकात तर रोजच जाम असतो.

मनगटातून अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेन्ट, म्हणजे नस उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी, टाकला. कार्डावर ३ बाय २८ लिहिलंय, म्हणजे तीन एमएम डाया अन् अठ्ठावीस एमएम लांबी. एवढ्या साइजची स्प्लिट पिन मी रोज हातात घेतो अन् चिल्लर सामान म्हणून डब्यात फेकतो.

आता पाच आठवडे झाले. डिस्चार्जच्या वेळी ईएफ, म्हणजे हृदय एका ठोक्यात किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा, ४५ होता. इकोस्प्रिन, टिकाग्रेलॉर दोन टाइम, कोलेस्टेरॉलची मोठी गोळी, बीपीची एक अन् मेटोप्रोलॉल चालू आहे. दुखत काही नाही, सकाळी अर्धा तास चालतो. फक्त कधीकधी बसल्याबसल्या एक लांब श्वास घ्यावासा वाटतो, का ते कळत नाही.

आता मेन प्रॉब्लेम. मेडिकल लीव्ह संपली, मागच्या महिन्यापासून बिनपगारी आहे, घराचा हप्ता चालू आहे, पोराची बारावी आत्ता झाली, ॲडमिशनचा खर्च समोर आहे. एचआरवाले म्हणून राहिले फिटनेस सर्टिफिकेट आणा मग या. ओपीडीत डॉक्टरला विचारलं तर दोन मिनिटात म्हणाले हलकं काम सुरू करा, अन् पुढचा पेशंट आत. आता हलकं म्हणजे काय? आमच्या शेडमध्ये सगळ्यात हलकी वस्तू हातोडी आहे. भट्टीजवळ एप्रिलमध्येच उभं राहवत नाही, मोटर उतरवायची तर तीस-चाळीस किलो, क्रेन बिघडली की शिडीने वर गॅन्ट्रीवर चढायचं, अन् दर आठवड्याला शिफ्ट बदलते, तिसऱ्या आठवड्यात नाईट. घरून कंपनी पंधरा-सोळा किलोमीटर, आजपर्यंत गाडीनेच जात होतो.

सोबतचे दोघं भेटायला आले होते, ते सांगून गेले की आता वेल्डिंगजवळ जाऊ नको, पॅनल उघडू नको, आत लोखंड आहे, ते खेचलं जाईल. हसावं का रडावं कळेना, पण रात्री झोप नाही आली हे खरं.

बायकोचं म्हणणं की कंपनी सोडा, किराणा दुकान टाकू. ती मला बाथरूमची कडी पण लावू देत नाही. खर्रा (तंबाखू-सुपारीचा) त्या दिवसापासून बंद आहे, आधी दिवसाला चार पुड्या होत्या.

कोणी मेहनतीच्या कामावर परत गेलंय का? टेबलवरच्या नोकरीवाल्यांचे अनुभव बरेच वाचले, ते लॅपटॉप घेऊन आठव्या दिवशी बसतात. किती आठवड्यांनी गेले, नाईट केली का, कंपनीला काय सांगितलं, सगळं सांगा.

राखेतला माणूस (निवृत्त)

भाऊ, काय करायचं ते दुसरे सांगतील, मी काय नाही करायचं ते सांगतो. मला २०१५ मध्ये दोन स्टेन्ट लागले, तेव्हा विजेच्या प्लांटमध्ये कोळशाच्या सेक्शनला होतो. त्या वेळी एकेका स्टेन्टचे लाखाच्या वर लागले, अन् २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारने भाव बांधून टाकला, औषधवाला स्टेन्ट २९,६०० अन् साधा ७,२६०. माझी बायको आजही म्हणते दीड-दोन वर्षं थांबले असते तर तेवढ्यात हॉल बांधून झाला असता. जसं काही अटॅक तारीख विचारून येतो.

तर मी एकोणिसाव्या दिवशी ड्युटीवर गेलो. काहून? तर छुट्ट्या वाया जाऊन राहिल्या म्हणून, अन् लोक काय म्हणतील, एवढासा झटका अन् हा महिनाभर पडून राहिला. एप्रिलचा शेवट होता. पहिले तीन दिवस छान गेले, लोकांनी चहा पाजला, मी दोन वेळा मनगटावरचं भोक दाखवलं. चौथ्या दिवशी दुपारी पायऱ्या चढून वर पोचलो, रेलिंग पकडलं अन् डोळ्यासमोर अंधारी. खाली बसलो म्हणून वाचलो, नाही तर तिथून खाली कन्व्हेयर आहे. चार जणांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून मला उतरवलं, सगळ्यांना वाटलं दुसरा अटॅक. दवाखान्यात बीपी निघालं ९० बाय ६०. हृदय ठणठणीत, इको (हृदयाची सोनोग्राफी) तसाच. डॉक्टर म्हणाले बीपीची गोळी, पंप हळू चालवणारी गोळी, त्यात हे ऊन अन् सकाळपासून तुम्ही पाणी किती पिलं? पिलंच नव्हतं, वर बाथरूम नाही म्हणून मी पाणी टाळत होतो.

गोळी अर्धी केली, परत तीन आठवडे घरी. म्हणजे जी छुट्टी वाचवायला गेलो ती तर गेलीच अन् इज्जत पण गेली. तीन महिने लोक मला काकाजी खुर्ची आणू का म्हणत होते.

दुसऱ्या खेपेला शहाणपणाने गेलो. पहिला पंधरवडा अर्धा दिवस, खालच्या कंट्रोल रूममध्ये. चालण्याचं म्हणशील तर मी कोराडीच्या देवळाकडे पहाटे पाचला निघत होतो. आधी दहा मिनिटं, दर दोन-तीन दिवसांनी पाच मिनिटं वाढव. हिशोब एवढाच की चालताना सोबतच्याशी बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटत असेल तर स्पीड जास्त आहे. मे महिन्यात सात वाजल्यानंतर चालू नको, अन् नवतप्यात, मे एंडच्या त्या नऊ कडक दिवसांत, तर नकोच. २०२४ च्या मे एंडला आपल्याकडे ५६ डिग्री दाखवलं होतं, नंतर सेन्सर खराब निघाला, पण ४५ ला पण माणूस शिजतोच बाप्पा.

अजून एक. गोळ्या स्कूटरच्या डिक्कीत ठेवू नको. मी ठेवत होतो, दुपारी पाकीट काढलं तर हाताला चटका बसला. टिफिनच्या पिशवीत ठेव, सावलीत.

कॅथलॅबवाला

मी डॉक्टर नाही, टेक्निशियन आहे, बारा वर्षं कॅथलॅबमध्ये, जिथे अँजिओप्लास्टी करतात तिथे, उभा आहे, त्यामुळे जेवढं रोज बघतो अन् ऐकतो तेवढंच सांगतो, फायनल शब्द तुमच्या कार्डिओलॉजिस्टचा.

आधी वेल्डिंगचं, कारण हे प्रत्येक पेशंट विचारतो. आजकालचे बहुतेक स्टेन्ट कोबाल्ट-क्रोमियमचे असतात, चुंबकाला चिकटत नाहीत. स्टेन्टवाल्यांचा एमआरआयसुद्धा होतो, अन् त्या मशीनच्या चुंबकापुढे तुमचं वेल्डिंग काहीच नाही. एअरपोर्टचा मेटल डिटेक्टर, पॅनल, मोबाइल, कशानेच काही होत नाही. हे जे सांगितलं जातं ते पेसमेकरवाल्यांचं आहे. त्यांना खरंच वेल्डिंग, मोठ्या मोटरी यांच्याजवळ जपावं लागतं. लोक दोन्हीची खिचडी करतात.

दुसरी भीती, स्टेन्ट सरकेल. तुम्ही फिटर आहात म्हणून तुमच्या भाषेत सांगतो. तो फुग्यावर बसवून आत नेतात अन् बारा-चौदा ॲटमॉस्फिअर प्रेशरने नसेच्या भिंतीत दाबून बसवतात. कारच्या टायरमध्ये सव्वादोन असतं. शिंकल्याने, खोकल्याने, गाडीच्या दणक्याने तो हलत नाही. पुढच्या काही महिन्यांत त्याच्यावर नसेचं आतलं अस्तर चढतं अन् तो भिंतीचाच भाग होतो. ते होईपर्यंत रक्ताची गुठळी धरू नये म्हणून दोन गोळ्या, इकोस्प्रिन अन् टिकाग्रेलॉर. अटॅकनंतर या दोन गोळ्या साधारण वर्षभर असतात, अन् त्यातली एक पण स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, एक दिवस पण नाही. टिकाग्रेलॉर दोन टाइम आहे म्हणजे बारा-बारा तासाने, मोबाइलमध्ये सकाळ-संध्याकाळ आठचा अलार्म लावा. पुढे नाईट आली की लोक इथेच चुकतात, सकाळी घरी येऊन झोपले की गोळी दुपारी.

तो लांब श्वास. टिकाग्रेलॉरने काही लोकांना तसं होतं, धाप लागल्यासारखं, बसल्याबसल्या. बहुतेकांचं कमी होतं, फार त्रास असेल तर डॉक्टर गोळी बदलून देतात. पण सांगा त्यांना, गप्प राहू नका अन् गोळीही थांबवू नका. आडवं झाल्यावर दम लागला, पायावर सूज आली किंवा दोन-तीन दिवसात वजन दोन किलो वाढलं तर मात्र ते गोळीचं समजू नका, त्याच दिवशी जा.

आता कामाचं. तुम्हाला थांबवून ठेवलंय ते स्टेन्टने नाही, अटॅकने. ज्यांना अटॅक न येता आधीच ब्लॉक सापडला अन् स्टेन्ट टाकला ते खरंच आठवड्यात ऑफिसला जातात. तुमच्या हृदयाच्या स्नायूला मार बसलाय, काही भाग मेलेला असतो अन् काही नुसता सुन्न झालेला. सुन्न भाग पुढच्या काही आठवड्यांत जागा होतो. म्हणून ४५ हा आकडा दगडावरची रेघ समजू नका. सहा आठवड्यांनंतर परत इको होईल, तो बघून ठरेल. बसून काम असेल तर अटॅकनंतर लोक दोन ते चार आठवड्यांत जातात, तुमच्यासारखं उचलायचं-चढायचं असेल तर सहा आठवडे ते तीन महिने धरा, अन् त्याआधी टीएमटी करून घ्या, पट्ट्यावर चालवतात ती. त्यात कळतं की जोर लावल्यावर ईसीजी बदलतो का, बीपी कसं वागतं.

डॉक्टरांचं दोन मिनिटांचं म्हणाल तर ओपीडीत ऐंशी पेशंट असतात, त्यांच्या डोक्यात तुम्ही खुर्चीवर बसणारे आहात. पुढच्या वेळी एका कागदावर लिहून न्या. किती किलो उचलतो, शिडी किती फूट, भट्टीपासून किती लांब उभा असतो, किती तास, नाईट कधी. अन् कागद हातात द्या. कामावर जाऊ का असं विचारलं तर हो म्हणतील, चाळीस किलोची मोटर उतरवू का विचारलं तर चष्मा काढून तुमच्याकडे बघतील. रोज दिसतं हे.

दोन-तीन बारीक गोष्टी. कंबर दुखली म्हणून मेडिकलमधून कॉम्बिफ्लाम, डायक्लो असलं काही घेऊ नका, या गोळ्यांसोबत पोटात रक्तस्राव होऊ शकतो. हात कापला तर रक्त उशिरा थांबेल, घाबरू नका, दहा मिनिटं दाबून धरा, मधेमधे उघडून बघू नका. डोक्याला मार लागला तर मात्र बाहेरून काही दिसत नसलं तरी दवाखाना, म्हणून हेल्मेट. छातीत दुखलं तर घ्यायची सॉर्बिट्रेट खिशात ठेवायला सांगितली असेल तर ती जिभेखाली, अन् बसून, उभ्याने घेतली तर बीपी पडून आपटता. पाच मिनिटांत छाती मोकळी झाली नाही तर १०८. इनो नको.

अन् कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगतो. दोन जिने न थांबता, धाप न लागता चढता आले तर नवरा-बायकोच्या गोष्टीलाही साधारण हरकत नसते. फक्त जोशच्या गोळ्या (व्हायग्रासारख्या) अन् सॉर्बिट्रेट एकत्र कधीच नाही, बीपी इतकं पडतं की जीव जातो.

निसर्ग हाच डॉक्टर

सगळा बिझनेस आहे मित्रा. अर्जुनाची साल रात्री भिजवून सकाळी काढा अन् लौकीचा (दुधीचा) ज्यूस, ९० दिवसात नस साफ. माझ्या साडूने तीन महिन्यांत सगळ्या गोळ्या बंद केल्या, आज शेतात ट्रॅक्टर चालवतो. गोळ्यांनी लिव्हर खराब होते हे कोणी सांगणार नाही.

कॅथलॅबवाला

साडू सुखरूप आहेत, चांगलं आहे. पण तीन महिन्यांत गोळ्या बंद करून स्टेन्ट गुठळीने बंद पडलेले पेशंट मी टेबलावर पाहिलेत, त्यातले सगळे परत घरी नाही गेले. लौकी भाजी म्हणून खा, चांगली असते. कडू लागलेल्या लौकीचा ज्यूस विषारी असतो हे पण माहीत असू द्या. अन् अर्जुन किंवा कोणताही काढा घ्यायचा तर आधी आपल्या डॉक्टरला सांगून, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत काय जमतं ते बघावं लागतं.

राखेतला माणूस (निवृत्त)

माझी बायको तर लौकीची भाजी पण वाढते अन् गोळ्या पण मोजते. दहा वर्षं होऊन गेली. ट्रॅक्टर नाही माझ्याकडे एवढंच.

सक्करदऱ्याची ताई

दादा, मी तुमच्या बायकोच्या बाजूने लिहिते. माझ्या मिस्टरांना मागच्या वर्षी झालं, त्यांचं भाजीचं ठोक काम आहे, कॉटन मार्केटला पहाटे तीनला जायचं, पोती उचलायची. तुम्हाला वाटत असेल ती कटकट करून राहिली. ती कटकट नाहीये हो. त्या दिवशी तिने तुम्हाला घामाने निथळताना पाहिलंय, तुम्ही स्वतःला नाही पाहिलं. मी सहा महिने रात्री उठून यांच्या नाकासमोर हात धरून पाहत होते श्वास चालू आहे का. एकदा ते जागेच होते, म्हणाले अजून आहे मी, झोप.

आमच्याकडे काय केलं सांगते. पुढच्या चेकअपला मी सोबत आत गेले. डॉक्टरांना मीच विचारलं, पोतं उचलू शकतात का, पहाटेचं जाऊ शकतात का, मी त्यांना एकटं सोडू शकते का. तिसऱ्या प्रश्नाला आवाज फुटला माझा. डॉक्टर चांगले होते, त्यांनी मला टीएमटीच्या खोलीत उभं केलं. हे पट्ट्यावर चालताना मी समोरच होते, स्पीड वाढवला, चढ वाढवला, यांचं शर्ट ओलं झालं अन् काही झालं नाही. ते बघितल्यावर माझी अर्धी भीती गेली, हजार वेळा सांगून गेली नसती. तुम्ही पण वहिनींना घेऊन जा.

मग आमचं ठरलं, दिवसातून दोनच फोन, एक पोचल्यावर अन् एक जेवताना. आधी मी दर तासाला करत होते, ते उचलायचे नाहीत, मग मी बाजूच्या गाळेवाल्याला करायची, तो पण वैतागला. अन् बाथरूमची कडी खरंच नका लावू काही दिवस, नुसतं दार लोटा, तेवढं ऐका तिचं.

आता खर्रा. दादा, घरी सुटलेला खर्रा म्हणजे सुटलेला नाही. यांचा पण दोन महिने बंद होता, मार्केटला गेले त्या पहिल्याच दिवशी शर्ट धुवायला घेतला तर खिशात ती पन्नी. अर्धी घोटलेली. मी काही बोलले नाही, पन्नी जेवणाच्या ताटात वाटीच्या बाजूला ठेवली. त्या दिवशी ते जेवले नाहीत नीट. नंतर सांगितलं की खायची इच्छा नव्हती, पण सगळे घोटत बसतात तेव्हा हाताला काहीतरी काम पाहिजे असतं. मग मी भाजलेले चणे द्यायला लागले पुडीत बांधून, तशीच पुडी, रबर लावून. वेडेपणा वाटेल पण हाताला पुडी सोडायची सवय असते हो. तुमच्या शेडमध्ये कोण घोटतो ते तुम्हाला माहीत आहे, त्याला आधीच सांगून ठेवा.

जेवणाचं जास्त नाही लिहीत. तर्रीपोहे बिनतर्रीचे मिळतात, मागावे लागतात फक्त. सावजी वर्षातून एकदा, तेही रस्सा सोडून.

टाइम ऑफिस, बुटीबोरी

कंपनीची बाजू मी सांगतो, मी हजेरी अन् रजेचंच काम करतो. फिटर भाऊ, सर्टिफिकेटवर नुसतं फिट लिहून आणू नका. एका शब्दाचं फिट आणलं की आमच्या सिस्टममध्ये तुम्ही पूर्ण फिट, सोमवारपासून तिन्ही शिफ्ट अन् गॅन्ट्री. नंतर मला जमत नाही म्हणाल तर लोक म्हणतात कागदावर तर फिट आहे. डॉक्टरला सांगून लेटरहेडवर असं लिहून घ्या की अमुक तारखेपासून रुजू होऊ शकतात, फक्त दिवसपाळी, दहा किलोच्या वर उचलायचं नाही, उंचीवर अन् भट्टीजवळ काम नाही, सहा आठवड्यांनी परत तपासणी. किलो अन् आठवडे त्यांना जे योग्य वाटतील ते, पण आकडे पाहिजेत. आकडा असला की एचआरला पण वर दाखवायला कागद मिळतो. झेरॉक्स द्या, ओरिजिनल घरी.

दुसरं, एचआरकडे जायच्या आधी तुमच्या इनचार्जला भेटा, बाहेर, चहावर. हलकं काम एचआरकडे नसतं, ते इनचार्जच्या डोक्यात असतं. मेंटेनन्समध्ये स्पेअरचं स्टोअर, टूल क्रिब, प्रिव्हेंटिव्हचं शेड्यूल भरणं ही कामं कायम मागे पडलेली असतात, कोणाला करायची नसतात. तुम्ही स्वतः मागितली तर तो नाही म्हणणार नाही. सतरा वर्षांच्या माणसाला मशीनच्या आवाजावरून बेअरिंग गेलेलं कळतं, असा माणूस खुर्चीवर बसलेला पण कंपनीला परवडतो. हे तुम्ही नाही बोलायचं, इनचार्जने वर बोलायचं.

तुमचा पगार २१,००० च्या वर असेल म्हणून ईएसआयमध्ये (कामगार विम्यात) नसाल, पण इथे कोणी कॉन्ट्रॅक्टवाले वाचत असतील तर त्यांच्यासाठी. ईएसआय कापला जात असेल अन् कॉन्ट्रिब्युशनचे दिवस भरले असतील तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत साधारण ७० टक्के पगार मिळतो, फक्त सर्टिफिकेट ईएसआयच्या डॉक्टरचं लागतं, खासगी दवाखान्याच्या कागदावर नाही चालत. पोरं हे विचारतच नाहीत अन् आठव्या दिवशी टाके घेऊन कामावर येतात. तुम्हाला हप्त्याचं फार टेन्शन असेल तर आजारपणासाठी पीएफमधून ॲडव्हान्स निघतो, ऑनलाइनच, एकदा बघा. किराणा दुकानाचं मात्र घाईत ठरवू नका, दुकानात पण पोती असतात.

हिंगण्याचा फिटर

मंडळी, उशीर झाला, दीड महिन्यानंतर येऊन राहिलो. सगळ्यांना एक-एक करून लिहायचं होतं पण राहून गेलं, म्हणून एकदाच लिहितो.

कागद लिहून नेला. खरंच चष्मा काढून पाहिलं डॉक्टरांनी. भट्टीपुढे बारा फूट लिहिलं होतं तर म्हणाले अहो हे आधी काहून नाही सांगितलं. इको केला, ईएफ ५२ आला. बायकोला टीएमटीच्या खोलीत नेलं, ताई, तुमचं ऐकून. ती पूर्ण वेळ मशीनकडे नाही, माझ्या पायांकडे पाहत होती. बाहेर आल्यावर म्हणाली चप्पल घासली आहे, नवीन बूट घ्या. तिथून बर्डीला (सीताबर्डीला) जाऊन बूट घेऊनच घरी. किराणा दुकानाचा विषय त्यानंतर निघाला नाही, मी पण काढला नाही.

श्वासाचं सांगितलं, त्यांनी गोळी बदलली नाही, म्हणाले दोन आठवडे बघू, आता बरंच कमी आहे.

सर्टिफिकेटवर आकड्यांसकट लिहून घेतलं. एचआरने तरी दहा दिवस लावले, असं हाफ फिट कुठे असतं का म्हणत होते. इनचार्ज वर जाऊन बोलला तेव्हा सुटलं. १८ मे पासून जनरल शिफ्ट, स्टोअरमध्ये. नवतप्यात स्टोअरचा कूलर अन् मी. बाहेर शेडमधली पोरं पाच मिनिटं उभी राहायला यायची तेव्हा मलाच कसंतरी वाटायचं, मी त्यांच्यात नाही याचं. हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. सतरा वर्षं मी ओरडून लोकांना स्पॅनर मागितले, आता ते माझ्याकडे मागायला येतात अन् मी रजिस्टरमध्ये सही घेतो. दुसऱ्या आठवड्यात कॉम्प्रेसर अडला, एक पोरगा धावत आला, काकाजी नुसतं येऊन ऐका. गेलो, लांबूनच ऐकलं, मागच्या बाजूचं बेअरिंग होतं. बस, त्या दिवशी जेवण गोड लागलं.

गाडी बंद केली तात्पुरती. पोरगा छत्रपती चौकात सोडतो, तिथून मेट्रो, बर्डीला बदलून लोकमान्य नगर, पुढे शेअर ऑटो. डब्यात थंड असतं अन् बसायला मिळतं. रोज ती मेट्रोच्या अनाउन्समेंटवाली बाई एलएडी चौक म्हणते अन् माझा हात आपोआप छातीवर जातो. समोरचा एक जण रोजचा आहे, त्याला वाटत असेल मी देवाला नमस्कार करतो.

खर्रा घोटणारा आमच्यातला आधीच सांगून ठेवला होता. त्याने पहिल्या दिवशी माझ्यासमोर पन्नी काढली, मला पाहिलं अन् परत खिशात ठेवली. दुसऱ्या दिवसापासून तो बाहेर जातो घोटायला. त्याने सोडला नाही, पण बाहेर जातो. चण्याची पुडी माझ्याकडे असते, अर्धी तोच खातो.

पहिल्या दिवशी काम काय दिलं माहीत आहे? स्प्लिट पिनांचा स्टॉक मोजायचा. कोणी मोजलाच नव्हता दोन वर्षांत. कार्डावरच्या मापाच्या जवळची एक काढून तळहातावर ठेवून पाहिली, मग आकडा लिहिला अन् डब्यात टाकली. फेकली नाही, टाकली.

नाईट अजून नाही. ऑगस्टच्या चेकअपनंतर बघू म्हणाले.

एक विचारायचं होतं, कॅथलॅबवाले दादा. खालची दाढ हलून राहिली, दाताच्या डॉक्टरने सांगितलं काढावी लागेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या पाच दिवस बंद करून या. काय करू?

कॅथलॅबवाला

बंद करू नका. तुम्हाला अजून तीन महिनेच झालेत. दाताच्या डॉक्टरला स्टेन्टचं कार्ड दाखवा अन् आधी कार्डिओलॉजिस्टशी फोनवर बोलायला सांगा. एक दाढ बहुतेक वेळा गोळ्या चालू ठेवूनच काढतात, टाका घालून अन् जास्त वेळ दाबून. घाई नसेल तर पुढे पण ढकलता येते, ते दोघं मिळून ठरवतील. दुखतेय म्हणून डायक्लो घेत नाही ना?

हिंगण्याचा फिटर

नाही. पॅरासिटामॉल घेतली एक, तीही विचारून. बरं, सोमवारी कार्ड घेऊन जातो, बायको पण येतो म्हणून राहिली.